२० डॉलर तास झाल्यावर कॅलिफोर्नियात बर्गर महागला, तो खरंच पगारामुळे का?

उपाशी_बोका

मंडळी, जरा मदत करा. कॅलिफोर्नियात १ एप्रिल २०२४ पासून मोठ्या फास्ट फूड चेनवाल्यांना कामगाराला ताशी निदान २० डॉलर द्यावे लागतात, त्याआधी राज्याचा मिनिमम वेज १६ होता. म्हणजे एका रात्रीत २५ टक्के वाढ. तेव्हापासून इकडे बे एरियात चार मराठी टाळकी जमली की हाच विषय, एक जण म्हणतो बघा बर्गर कुठे जाऊन बसला, काउंटरवर माणूस दिसत नाही नुसत्या स्क्रीन, आणि दुसरा म्हणतो काही झालेलं नाही, मालकांची नेहमीची रड आहे, आणि दोघांच्याही फोनवर आपापला स्टडी तयार असतो. गंमत म्हणजे दोन्ही स्टडी चांगल्या युनिव्हर्सिटीतल्या लोकांचे. मला कुणाची बाजू घ्यायची नाहीये, फक्त हिशोब कळू दे. पगार इतका वाढला तर भाव किती वाढायला हवा? आणि नोकऱ्या गेल्या की नाही हे मोजायला एवढं अवघड का जातं? धंद्यातलं कोणी असेल तर आतलं सांगा प्लीज.

गणितवाली

भावाचं सोपं आहे, आधी ते घेते. रेस्टॉरंटच्या शंभर डॉलरच्या गल्ल्यातले ढोबळमानाने तीस पगारात जातात, बाकी माल, भाडं, रॉयल्टी (कंपनीचं नाव वापरायचे पैसे), वीज, जाहिरात. त्या तीसवर २५ टक्के चढले की झाले साडेसात. म्हणजे मालकाने स्वतःच्या खिशाला अजिबात तोशीस न लावता सगळा भार गिऱ्हाइकावर टाकला तरी ४ डॉलरचा बर्गर ४.३० ला जायला हवा. आणि हा झाला वरचा आकडा. कारण सगळेच काही १६ वर नव्हते, सॅन फ्रान्सिस्कोत शहराचाच मिनिमम तेव्हा १८.०७ होता, तिथे वाढ जेमतेम दोन डॉलरची. यूसी बर्कलीच्या टीमने मेनूचे भाव तपासले तेव्हा पहिल्यांदा ३.७ टक्के वाढ आली, म्हणजे ४ डॉलरला १५ सेंट, आणि नंतर त्यांनीच सुधारून काढलं तेव्हा दीड टक्काच, ६ सेंट. चिपोटले या चेनने मात्र कॅलिफोर्नियात ६ ते ७ टक्के वाढवल्याचं स्वतःच सांगितलं होतं. तेही बघा साडेसातच्या आतच आहे.

मग बर्गर एवढा महाग का वाटतो? कारण तो आधीच महागला होता, अख्ख्या देशात. बाहेर खाण्याचा खर्च अमेरिकेत २०२२ मध्ये ७.७ टक्के आणि २०२३ मध्ये ७.१ टक्के वाढला, यात टेक्साससारखी राज्यंही आली जिथे मिनिमम अजून फेडरलचा ७.२५ आहे, जो २००९ पासून हललेला नाही. बिग मॅक सरासरी २०१९ ला ४.३९ होता, २०२४ ला ५.२९, हे मॅकडोनल्ड्सच्या अमेरिकेच्या प्रमुखाने जाहीर पत्रात लिहिलंय. का लिहिलं, तर १८ डॉलरच्या बिग मॅक मीलचा फोटो सगळीकडे फिरत होता आणि लोक भडकले होते. तो फोटो कॅलिफोर्नियातला नव्हे हं, कनेक्टिकटच्या हायवेवरचा, आणि २०२३ चा. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो २० डॉलरच्या नावाने अजून येतो.

ड्राइव्हथ्रू

माझ्या मेहुण्यांची सॅक्रामेंटोच्या बाजूला एका चेनची फ्रँचायझी आहे (दुकान त्यांचं, नाव कंपनीचं), त्यांचे अकाउंट्स मी बघतो म्हणून बोलतो. गणितवाली ताईंचं साडेसात कागदावर बरोबर आहे पण आमच्यासारख्याला भाव मनाला येईल तेवढा वाढवता येत नाही हो. समोरच्या सिग्नलला दुसरी चेन, त्याच्या पलीकडे तिसरी. आणि वरून कंपनी देशभर स्वस्तातलं मील काढते, मॅकडोनल्ड्सने जून २०२४ मध्ये ५ डॉलरचं काढलं, लगेच बाकीच्यांनी सुरू केलं, मग टीव्हीवर जाहिरात ५ ची आणि आमच्या पगाराच्या चेकवर २०.

लोकांना हे माहीत नसतं की कंपनी रॉयल्टी विक्रीवर घेते, नफ्यावर नाही. मॅकडोनल्ड्सचं उदाहरण देतो, नवीन फ्रँचायझीला २०२४ पासून ५ टक्के, आधी ४ होते, जाहिरातीचा वाटा आणि जागेचं भाडं वेगळं. म्हणजे भाव वाढले की कंपनीला रॉयल्टी जास्तच मिळते आणि पगाराचा वाढीव बोजा सगळा दुकान चालवणाऱ्यावर. त्यामुळे "मालक" म्हणून शिव्या घालताना कुठला मालक ते बघा.

आम्ही काय केलं? कोणाला काढलं नाही. जो सोडून गेला त्याच्या जागी लगेच घेतला नाही. दुपारी दोन ते पाच मंदी असते, तिथे चारच्या जागी तीन लोक. रात्री दुकान एक तास आधी बंद, कारण शेवटच्या तासात गल्ला येतो त्यात दोन माणसांचा पगार सुटत नाही. ओव्हरटाइम पूर्ण बंद. किऑस्क, म्हणजे गिऱ्हाइकाने स्वतः ऑर्डर द्यायच्या स्क्रीन, आधीपासूनच यायचे होते, कोविडनंतर सगळ्यांनीच लावले, पण मेहुणे दोन वर्षं टाळत होते ते काम त्या महिन्यात करून टाकलं हे खरंय. एक फायदा झाला तो पण सांगतो, माणसं टिकायला लागली. आधी नवीन पोरगं शिकवून तयार करायचं आणि ते ५० सेंट जास्त मिळतात म्हणून रस्त्यापलीकडे जायचं, ते आता सगळ्यांकडे २० असल्यामुळे थांबलं. शिकवण्यात जाणारा पैसा वाचतो पण तो कुठल्या रकान्यात दिसत नाही.

पिठलं_भाकर

थोडक्यात बर्गर ६ सेंटने महाग झाला आणि रडगाणं ६ डॉलरचं 😄

इकडे पुण्यात बसून वाचतोय. आपल्याकडे किमान वेतन कागदावर भरपूर आहे, परिमंडळं आहेत, दर सहा महिन्यांनी विशेष भत्ता बदलतो, हॉटेलवाल्यांसाठी वेगळा दर असतो. पण मिसळीचा भाव त्यामुळे वाढला असं मी आजवर ऐकलं नाही, तेल आणि गॅस सिलेंडरमुळेच वाढतो. टेबल पुसणाऱ्या पोराचा पगार विचारा एकदा, मग कळेल का ते.

जुना_खेळाडू

नोकऱ्यांचं मोजणं अवघड का, तर कायदा आला नसता तर काय झालं असतं हे बघायला दुसरं कॅलिफोर्निया नाही. मग कोणाशी तरी तुलना करावी लागते आणि तिथेच भांडण सुरू होतं. भांडण जुनं आहे. एप्रिल १९९२ मध्ये न्यू जर्सीने मिनिमम ४.२५ चा ५.०५ केला, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ४.२५ च राहिला. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी दोन्हीकडची मिळून ४१० फास्ट फूड दुकानं धरली आणि वाढीच्या आधी आणि नंतर फोन करून माणसं किती ते विचारलं. पुस्तकाप्रमाणे न्यू जर्सीत नोकऱ्या घटायला हव्या होत्या, त्या घटल्या नाहीत. बराच गदारोळ झाला. नॉयमार्क आणि वॉशर यांनी फोनऐवजी पेरोलचे (पगारपत्रकाचे) रेकॉर्ड घेऊन उलटा निष्कर्ष काढला, त्याला कार्ड-क्रूगरनी परत उत्तर दिलं, हे २००० सालापर्यंत चालू होतं. कार्डना २०२१ मध्ये नोबेल मिळालं, क्रूगर त्याआधीच २०१९ मध्ये गेले.

आता कॅलिफोर्निया. गव्हर्नर न्यूसम यांनी सही केली २८ सप्टेंबर २०२३ ला आणि कायदा लागू झाला सहा महिन्यांनी. हे मधले सहा महिने कशात धरायचे? मालक काय एप्रिलची वाट बघत बसणार नाही, तो आधीच हात आखडता घेणार. म्हणून क्लेमेन्स, एडवर्ड्स आणि मीर या अर्थतज्ज्ञांनी सप्टेंबर ते सप्टेंबर धरलं, बाकीच्या देशाशी तुलना केली आणि सांगितलं की फास्ट फूडमधल्या नोकऱ्या २.७ टक्क्यांनी मागे पडल्या, म्हणजे अंदाजे १८,०००. बर्कलीवाल्यांना नोकऱ्यांवर असा परिणाम सापडला नाही. कोणीही खोटं बोलत नाहीये, सुरुवात कुठून धरली आणि शेजारी कोण निवडला यावर २-३ टक्के सहज इकडचे तिकडे होतात. मला स्वतःला सप्टेंबरपासून धरणं जास्त पटतं. पण १८,००० ऐकून लगेच छाती बडवू नका, कारण पाच लाखांहून जास्त लोकांचा पगार वाढला, आणि मागे पडल्या म्हणजे तेवढ्यांना काढलं असं नाही, ड्राइव्हथ्रू म्हणतात तसं न भरलेल्या जागाही त्यातच आल्या.

खोटं नाही पण लबाड म्हणता येईल असा आकडा मात्र एक आहे. २०२४ च्या जूनमध्ये एका उद्योग संघटनेने पानभर जाहिरात दिली की जवळपास १०,००० नोकऱ्या गेल्या. तो आकडा सप्टेंबर ते जानेवारीचा होता, सीझनचा फरक न काढलेला. हिवाळ्यात फास्ट फूडच्या नोकऱ्या दर वर्षी उतरतात, कायदा असो नसो.

आणि पिझ्झा हट. तिथल्या फ्रँचायझींनी २०२३ च्या डिसेंबरात १,२०० हून जास्त डिलिव्हरी ड्रायव्हरना काढायची नोटीस दिली होती, हे खरंच झालं. पण पिझ्झा अजून घरी येतोच की, फक्त आता अ‍ॅपवाला आणतो. आणि तो प्रॉपोझिशन २२ (अ‍ॅपवाल्या ड्रायव्हरांबद्दलचा राज्याचा कायदा) खाली कंत्राटी धरला जातो, त्याला हे २० डॉलर लागू नाहीत. काम आहे तिथेच आहे, ते फक्त कायद्याच्या कुंपणाबाहेर नेऊन ठेवलं. अशा नोकरीला गेली म्हणायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.

काउंटरमागची

सगळे मालकाचं आणि प्रोफेसरांचं सांगताय म्हणून मी लिहिते. मी एच-४ ईएडीवर (नवऱ्याच्या व्हिसामुळे मिळणारा कामाचा परवाना) एका चेनमध्ये काउंटरला आहे, कायदा आला तेव्हाही होते. इथे बरेच जण समजतात की हे काम कॉलेजची पोरं करतात, माझ्या शिफ्टला बहुतेक तीस-चाळीसच्या बायका आहेत, मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या, दोघीतिघी दुसरीकडे अजून एक जॉब करतात.

मला १६ नाही, १७.५० मिळत होते, म्हणजे वाढ अडीच डॉलरचीच. आणि तास कमी झाले. पण जिला १६ च मिळत होते तिचा हिशोब करा ना, १६ ने ३० तास म्हणजे आठवड्याला ४८०, २० ने २४ तास केले तरी ४८०. म्हणजे सहा तास घरी बसून तेवढेच पैसे, याला मी वाईट म्हणणार नाही. वाईट काय ते वेगळंच आहे, आठवड्याला ३० तासांच्या खाली गेलात की मोठ्या एम्प्लॉयरला तुम्हाला हेल्थ इन्शुरन्स द्यायची सक्ती उरत नाही. माझा नवऱ्याच्या कंपनीचा आहे म्हणून मला फरक पडला नाही, बाकीच्या बायकांना पडला. आणि तीन लोकांत चार लोकांचं काम, एका कानात हेडसेटवर गाडीत बसून ऑर्डर देणाऱ्यांची, म्हणजे ड्राइव्हथ्रूची ऑर्डर, समोर अ‍ॅपवाले बॅगेसाठी उभे, किऑस्कवर आजोबांना पैसे कसे भरायचे ते पण मीच दाखवणार. स्क्रीनने माणूस कमी केला म्हणतात, कोणी केला, कुठे केला, ते मला दाखवा!! ऑर्डर घेणारा कमी झाला, पण ऑर्डरी वाढल्या आणि बनवायला हात तेच.

तरी २० नको, परत १६ करा असं म्हणणारं आमच्यात एकही जण नाही.

जुना_खेळाडू

ताई, तुमचं तासांचं म्हणणं फार महत्त्वाचं आहे. नुसत्या नोकऱ्या मोजल्या तर हे दिसतच नाही. वॉशिंग्टन राज्यात तासांची नोंद ठेवतात म्हणून सिअ‍ॅटलचं बघता आलं, तिथे २०१६ मध्ये १३ डॉलर झाले तेव्हा यूनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या टीमला कमी पगाराच्या कामांचे तास ९ टक्क्यांच्या आसपास घटलेले दिसले आणि महिन्याची कमाई सरासरी १२५ डॉलरने कमी झालेली. मोठी बातमी झाली होती. पण त्यात एकापेक्षा जास्त ठिकाणी दुकानं असलेल्या कंपन्या धरल्याच नव्हत्या, म्हणजे नेमक्या चेन बाहेर. त्यामुळे फास्ट फूडच्या वादात तो स्टडी कोणी तोंडावर फेकला तर एवढं विचारा.

उपाशी_बोका

वा, एवढं कोणी बसवून सांगितलं नव्हतं. अजून दोन शंका. हे फक्त मोठ्यांनाच लागू आहे ना, मग आपल्या वडापाववाल्याने भाव का वाढवले? आणि ते बेकरीचं काय प्रकरण होतं? आणि तिसरी शंका घरची, आमच्या चिरंजीवांना या उन्हाळ्यात काम करायचंय, सोळाचा आहे, मिळेल का?

ड्राइव्हथ्रू

देशभरात ६० किंवा जास्त दुकानं असलेल्या चेननाच लागू आहे. वडापाववाल्याला राज्याचा किंवा शहराचा मिनिमम. पण त्याच्याकडे भांडी घासणाऱ्याला कोपऱ्यावर २० मिळत असतील तर तो राज्याच्या मिनिममवर का थांबेल? मग त्यालाही वर यावं लागतं, आणि त्याच्याकडे ना कंपनीची जाहिरात ना किऑस्क. खरं सांगायचं तर माझ्या मते छोट्यांना हे जास्त जड गेलं.

बेकरी म्हणजे जिथे पाव तिथेच बनवून सुटा विकतात त्यांना सूट. पनेरा या बेकरी-कॅफे चेनवर बोंबाबोंब झाली कारण तिथला एक मोठा फ्रँचायझीवाला न्यूसमना देणगी देणारा निघाला. शेवटी त्याने आपणहून २० देतो म्हणून जाहीर केलं. आणि पुढे लक्ष असू द्या, एक फास्ट फूड कौन्सिल नेमलीय, ती दर वर्षी साडेतीन टक्क्यांपर्यंत वाढवू शकते.

काउंटरमागची

मुलाचं सांगते. आमच्याकडे आता अर्ज खूप येतात आणि मॅनेजर अनुभववाला बघतो, शाळेतल्या मुलाला रात्री उशिराचे तास देता येत नाहीत म्हणून तो मागे पडतो. चेनच्या नादी लागू नका, आइस्क्रीमची दुकानं, शहराचा स्विमिंग पूल, समर कॅम्प असं बघा. १८ च्या आतल्याला वर्क परमिट लागतं, ते शाळेतून मिळतं, सुट्टी लागायच्या आधी फॉर्म आणून ठेवा नाहीतर ऑफिसात कोणी भेटत नाही.