पाणी तेवढंच, अँपिअर कमी. हे कसं?

लेथवाला_इचल:
नमस्कार मंडळी. इचलकरंजीत माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. डॅलसच्या रिचर्ड क्लेमनं १९७०च्या दशकात शंकूवर आट्यांसारख्या खाचा पाडून तेलावर आपोआप फिरणारं इंजिन केलं होतं म्हणतात. शंकू पाडायला सवड नव्हती, पीव्हीसीवर भागवलं. एक इंची उभा पाइप, खाली फूटव्हॉल्व्ह (वर चढलेलं पाणी परत खाली न सोडणारी झडप), टोक ड्रममधल्या पाण्यात. वर चार आडवे हात, प्रत्येकी ३० सेंमी, टोकाच्या कॅपला ३ मिमीचं भोक. सगळं बेअरिंगवर, अर्ध्या एचपीच्या सिंगल फेज मोटरला पट्टा, ६०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ६०० फेरे. फिरलं की पाणी ड्रममधून वर चढतं आणि भोकांतून फवारतं.

भोकं सरळ बाहेर होती तेव्हा क्लॅम्प मीटरवर ३.२ अँपिअर. मग एल्बो लावून फवारे फिरण्याच्या उलट दिशेला वळवले, तर २.४! पाणी तेवढंच, २० लिटरची बादली दोन्ही वेळा ४० सेकंदांत भरली. हात आणखी लांब केले तर मोटर काढता येईल का? बायको म्हणते आधी छताला उडालेलं पाणी पुसा.

विहिरीवरचा:
दादा, कोरडं फिरवून बघितलंत का? सिंगल फेज मोटर रिकामी असली तरी अँपिअर खातेच. आमच्या पंपानं हवा धरली की काटा असाच खाली येतो. तेव्हा आम्ही वीज फुकट मिळाली म्हणून पेढे वाटत नाही, फूटव्हॉल्व्ह बघायला दोर शोधतो.

पाऱ्याचं_चाक:
भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणीत लिहिलंय, चाकाचे पोकळ आरे अर्धे पाऱ्यानं भरा, ते आपोआप फिरेल. मी सायकलच्या रिमला नळ्या बांधून अर्ध्या पाण्यानं भरल्या. ढकलल्यावर फिरतं, मग झोके घेतं, मग गप्प. नुसती रिम जास्त वेळ फिरते, कारण नळ्यांत पाणी घुसळतं. पाऱ्याच्या वाटेला मात्र जाऊ नका, वाफ विषारी असते.

गणितमास्तर:
लेथवाले, तुमचं मोजमाप खरं आहे, अर्थ चुकतोय. ६०० आरपीएमला हाताचं टोक सेकंदाला १८.८५ मीटर पळतं. भोक सरळ असताना प्रत्येक लिटर तो वेग घेऊन बाहेर पडतो, त्यापायी मोटरला लिटरमागे ३५५ ज्यूल ऊर्जा द्यावी लागते. फवारा मागे वळवला की पाणी टोकापेक्षा किंचित हळू, १८.५९ नं, मागे सुटतं. जमिनीवरून बघितलं तर ते जवळजवळ जागच्या जागी खाली पडतं. तेव्हा खर्च लिटरमागे सुमारे ५ ज्यूल. पण पाणी ड्रममधून हातांपर्यंत अर्धा मीटर चढवायलाच ४.९ लागतात! हात लांब करा, वेग वाढवा, खर्च ४.९ च्या जवळ सरकेल, खाली कधीच जाणार नाही. शिवाय पाइपमधलं घर्षण आणि हातांना लागणारी हवा वेगळी.

जर्मनीत योहान सेग्नरनं १७५०च्या सुमारास असंच चाक केलं होतं आणि गणितज्ञ ऑयलरनं त्याचं गणित मांडलं. ते चाक फिरायचं, कारण त्याला पाणी वरून मिळत होतं. तुमचं पाणी खाली ड्रममध्ये आहे.

लेथवाला_इचल:
आज कोरडं चालवलं. २.२ अँपिअर. म्हणजे आता उरलंय ते बहुतेक रिकाम्या मोटरचं, पट्ट्याचं आणि वाऱ्याचंच बिल. विहिरीवरचे, तुमचं बरोबर. मास्तर, एल्बो तसेच ठेवतोय. ड्रमला झाकण कशाचं करू, ते सांगा.