दुधाच्या दाढेची पल्पोटॉमी: फॉर्मोक्रेसॉल की एमटीए? मदत हवी आहे

मुलगी सहा वर्षांची आहे. खाली उजवीकडच्या मागच्या दुधाच्या दाढेला खोल कीड लागलीय, एक्सरेत ती पार नसेपर्यंत गेलेली दिसते. गोड खाल्लं की कळ येते पण तेवढ्यापुरतीच, रात्री दुखून उठत नाही, सूज नाही, हिरडीवर पुळीही नाही. पल्पोटॉमी करायची, म्हणजे वरची नस काढून मुळांतली जिवंत ठेवायची, त्यावर औषध आणि वर स्टीलची कॅप, यावर दोन्ही डॉक्टरांचं एकमत आहे. गाडी औषधावर अडलीय. एक म्हणतात फॉर्मोक्रेसॉल, वर्षानुवर्षं वापरतोय काही होत नाही, दुसरे म्हणतात एमटीए नाहीतर बायोडेंटिन, म्हणजे नसेवर लावायची सिमेंटसारखी औषधं.

मी वाचलं ते असं की फॉर्मोक्रेसॉलमधलं फॉर्माल्डिहाइड नसेचा वरचा थर मारून तसाच टिकवतं, म्हणजे जखम भरत नाही, नुसती शांत राहते. त्यात आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2004 मध्ये फॉर्माल्डिहाइड कॅन्सरकारक ठरवलंय हे वाचल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. एमटीएखाली मात्र नस स्वतःच डेंटिनचा, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण भागाचा, नवा थर बांधते म्हणे. हे दुधाच्या दाताच्या नसेलाही जमतं का, तिची मुळं तर पुढे विरघळणारच असतात ना? आणि खाली तयार होणाऱ्या पक्क्या दाताला कशाने धोका आहे? कुणी यातलं जाणकार असेल तर प्लीज सांगा, ट्रीटमेंट लवकर करायचीय.

प्रतिसाद

ताई, मी लहान मुलांच्याच दातांचं काम करते. जमतं, दुधाच्या दाताची नस जिवंत असेल तर छान भरून येते. फॉर्मोक्रेसॉलचा बोळा पिळून कोरडा करून पाचेक मिनिटंच ठेवतात, पोटात जाणारं प्रमाण अगदी नगण्य, त्यामुळे कॅन्सरच्या भीतीने झोप उडवू नका. अमेरिकन बालदंतवैद्यांच्या 2017 च्या गाइडलाइनमध्ये फॉर्मोक्रेसॉल आणि एमटीए दोन्हींची ठाम शिफारस होती. तरी माझं मत एमटीए किंवा बायोडेंटिनच, कारण त्यातून कॅल्शियम हायड्रॉक्साइड हळूहळू सुटत राहतं आणि नसेला थर बांधायला चालना मिळते. एमटीएने दात काळपट पडू शकतो पण स्टीलच्या कॅपखाली दिसतंय कुणाला. फक्त नुसतं कॅल्शियम हायड्रॉक्साइड लावतो म्हणाले तर नको म्हणा, दुधाच्या दातात त्याने मूळ आतून झिजायला लागतं.

पण औषधाच्या आधी एक गोष्ट डॉक्टरांना नक्की विचारा. वरची नस काढल्यावर ओला बोळा दाबून धरला की रक्त काही मिनिटांत थांबायला हवं. गडद रक्त येतच राहिलं तर मुळांतली नसही सुजलेली असते, मग एमटीए घाला नाहीतर काहीही, ती भरणार नाही, पल्पेक्टॉमीच, म्हणजे मुळांतलीही नस काढून टाकणं, करावी लागते. पक्क्या दाताला खरा धोकाही तिथेच आहे, आत पू साचून राहिला तर. कॅप त्याच दिवशी बसवून घ्या, फट राहिली की जंतू परत आत जातात. दाढ पडायला अजून चार-पाच वर्षं आहेत, तोवर डॉक्टर सांगतील तसे एक्सरे काढत राहा, दुखत नसलं तरी.