धंदा सोडल्यावर पहिली पगारी नोकरी : पुण्यात सुरुवात कुठून करायची?

निळी_ओढणी :

नमस्कार. बुधवार पेठेतला देहविक्रीचा धंदा सोडून सहा महिने झालेल्या एका ताईंसाठी विचारतेय. वय ३६, शिक्षण सातवी, मराठी-कन्नड-हिंदी तिन्ही चांगलं बोलतात. आता कात्रजकडे भाड्याच्या खोलीत राहतात, मुलगी नववीत आहे. आधार आहे, पण त्यावर पेठेतला पत्ता आणि जुना नंबर. दोनदा कामाला लागल्या (एकदा हाउसकीपिंग, एकदा केटरर) आणि दोन्ही वेळा महिन्याच्या आत सुटलं. काम येत नव्हतं असं नाही. सुपरवायझरनं आवाज चढवला की हातपाय गळतात, नवीन माणसासमोर मान वर होत नाही, आणि पैसे हातात यायला फार दिवस लागतात.

"हिंमत धरा, सगळं नीट होईल" असले सल्ले देऊन झालेत, ते नकोत. आधी कागद करायचे की आधी काम बघायचं? मधल्या वर्षांबद्दल विचारलं तर काय सांगायचं? आणि टिकेल असं काम कोणतं?

---

खिडकी_नंबर_चार :

कागदांच्याही आधी फोन. जुना नंबर शेकडो लोकांकडे कसल्या कसल्या नावानं सेव्ह असतो, आणि ट्रूकॉलर लोकांनी सेव्ह केलेली नावंच उचलतं. म्हणजे कंपनीच्या एचआरनं (भरती बघणाऱ्यांनी) फोन लावला की त्यांच्या स्क्रीनवर काय झळकेल ते आपल्या हातात नाही. दुसऱ्याच्या फोनवर एकदा तो नंबर टाकून बघा, कळेल.

नवीन सिम घ्या, पण जुनं लगेच बंद करू नका, बँकेचे ओटीपी त्यावर येत असतात. आधी आधारवर नवा नंबर. आधार केंद्रात जाऊन बोट टेकवलं की होतं. कागद काही लागत नाही, फी शंभराच्या आत. मग बँकेत फॉर्म भरून नंबर बदला, मग यूपीआय. हे सगळं झाल्यावर पंधरा दिवस थांबून जुनं सिम सोडा. व्हॉट्सअ‍ॅपचं 'नंबर बदला' वापरू नका, नव्या नंबरवर कोरं खातं उघडा. जुने लोक नव्या नंबरासकट मागे यायचे नसतील तर हाच रस्ता. सोडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला विकते, म्हणून तो कुठल्याही खात्याला चिकटलेला राहू देऊ नका.

पत्त्याचं मात्र लोक उगाच घेऊन बसतात. तुळशीबाग बुधवार पेठेत, दगडूशेठ बुधवार पेठेत, अर्धं इलेक्ट्रॉनिक्स मार्केट बुधवार पेठेत. नुसत्या पेठेच्या नावावरून काही ठरत नाही. गल्लीचं नाव असेल तर बदला. नोंदणी केलेला भाडेकरार पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. ११ महिन्यांचा करार आणि पोलिसांकडे भाडेकरूची माहिती, दोन्ही घरमालकाकडून करून घ्या.

खरा घोळ नावाचा असतो. धंद्यात लागलेलं नाव आधारवर, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, बँकेत तिसरंच. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, त्यामुळे घाईनं काहीही दुरुस्त करून संधी वाया घालवू नका. आधी शाळेचा दाखला आणा, तोच पाया धरा, मग बाकी सगळं त्याच्याशी जुळवा. पीएफचं (पगारातून कापून साठणाऱ्या निधीचं) खातं आधारच्या नावावर उघडतं. तिथं अक्षराचा फरक राहिला तर पैसे काढताना रडायची वेळ येते.

हा धागा वाचणाऱ्या कुणाकडे आधारच नसेल तर : सुप्रीम कोर्टाच्या मे २०२२ च्या आदेशानुसार राज्य एड्स नियंत्रण संस्थेचे प्रकल्प संचालक किंवा नॅकोचे (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेचे) राजपत्रित अधिकारी यांच्या ठरावीक नमुन्यातल्या प्रमाणपत्रावर आधार मिळतं, आणि त्यावर व्यवसाय ओळखू येईल अशी कसलीही खूण टाकता येत नाही. बुधवार पेठेत सहेली संघ आहे, धंद्यातल्याच बायकांची संघटना. चौकशी तिथून सुरू करा. धंदा सोडला की नाही यावर ते माणूस मोजत नाहीत.

---

ताळेबंद :

"पैसे हातात यायला फार दिवस लागतात" हे वाक्य तुम्ही शेवटी लिहिलंत. माझ्या मते काम सुटण्याचं पहिलं कारण तेच आहे.

रोज रोख बघायची सवय असते. पगार म्हणजे ३ जूनला लागलं तर ७ ते १० जुलैला पैसे, म्हणजे चौतीस-सदतीस दिवस खिशात शून्य. त्यातून ठेकेदार हजेरी २६ तारखेपासून पुढच्या २५ तारखेपर्यंत अशी धरत असेल तर पहिला पगार २३ दिवसांचाच हातात पडतो. या मधल्या काळात उधारी होते, उधारीला जुनी ओळख लागते, आणि जुनी ओळख एक फोन करते. मन कमकुवत वगैरे काही नाही, हिशोब आहे.

तेव्हा कामाला लागण्याआधी दीड महिन्याचा खर्च बाजूला हवा. समजा खोली ५,०००, किराणा ३,५००, गॅस-वीज १,२००, मुलीचं १,५००, बस आणि किरकोळ १,५००. महिन्याला १२,७००, दीड महिन्याला १९ हजार. एवढे साठले नसतील तर आधी हजेरीचं काम धरा, जिथं संध्याकाळी हातात पैसे मिळतात. केटरिंग त्यासाठी बरं, पण आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न या काळात लग्नं नसतात म्हणून ते आटतं. ताईंचं केटररकडचं काम कोणत्या महिन्यात सुटलं ते बघा. कदाचित त्यात त्यांचा दोष काडीचाही नसेल.

साठवायला पोस्टाची आरडी (दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची ठेव), महिन्याला १०० पासून सुरू होते. पतसंस्थेची पिग्मी (रोज थोडे थोडे भरायची ठेव) सोयीची असते, माणूस दारात येतो, पण बँकेतल्या ठेवीला असतो तसा ५ लाखांचा विमा पतसंस्थेला नसतो. भिशीत पहिल्या वर्षी पडूच नका. एक हप्ता चुकला की चारचौघींत नाव खराब होतं, आणि ते या घडीला परवडणारं नाही.

पगार आला की चार पाकिटं करून आठवड्याचे पैसे वेगळे ठेवा. रोजच्या पैशाकडून महिन्याच्या पैशाकडे एकदम उडी जमत नाही, मध्ये आठवड्याची पायरी लागते.

---

पोळपाट_लाटणं :

कामाचं सांगते.

तीन कामं या वयात, या शिक्षणात टिकतात : पोळी-भाजी केंद्र, रुग्णसेवा, कंपनीतलं पॅकिंग किंवा कॅन्टीन. शिवणक्लास सगळेच सुचवतात. त्यात पोट भरायला दोन वर्षं जातात आणि तयार कपड्यांशी स्पर्धा आहे, म्हणून मी तरी पहिलं काम म्हणून सांगणार नाही.

पोळी केंद्रात मजुरी बहुतेक नगावर असते. एक किलो कणकेत ३० ते ३५ पोळ्या बसल्या पाहिजेत, जाड झाल्या की २५ होतात आणि मालक कणीक मोजतो. हात बसलेली बाई तासाला ५०-६० सहज करते. घरी आठ दिवस घड्याळ लावून बघा, ४० च्या खाली असाल तर आधी वेग वाढवा. या कामाचा मोठा फायदा असा की कुणाच्या डोळ्यात बघावं लागत नाही, कुणी आवाज चढवला तरी पोळ्या मोजून दाखवता येतात. पुढं घरून डबे करायचे झाले तर छोट्या उलाढालीला अन्नपरवान्याची साधी नोंदणी पुरते.

रुग्णसेवेला पुण्यात मागणी कायम आहे. शिकायचं काय : माणूस पलंगावरून खुर्चीत घेताना कंबर न वाकवता गुडघ्यातून उचलणं, दर दोन तासांनी कूस बदलणं (नाहीतर माकडहाडाजवळ जखमा होतात), डायपर, पलंगावरची अंघोळ, औषधांची वही. बारा तासांची पाळी घ्या. राहून करायचं चोवीस तासांचं काम पहिलं काम म्हणून घेऊ नका, घरोघरी माणसं पुरवणारे ब्युरोवाले कितीही गळ घालोत. परक्या घरात रात्री तक्रार कुणाकडे करणार? आणि घरी मुलगी आहे. ब्युरो पहिल्या पगारातून किती कापतो ते आधी कागदावर घ्या.

भोसरी-चाकणकडच्या पॅकिंगला ठेकेदारामार्फत घेतात. कात्रजहून ते लांब पडतं, कंपनीची बस असेल तरच. पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू असेल तर पगाराच्या ०.७५ टक्के कापतात आणि उपचार बिबवेवाडीच्या ईएसआय हॉस्पिटलात. पीएफचे कापलेले पैसे खरंच भरतात का हे सरकारी उमंग अ‍ॅपवर पीएफचं पासबुक उघडून दुसऱ्या महिन्यातच बघा. ठेकेदार बदलला तर जुनाच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) द्या, नवा काढू देऊ नका.

मधल्या वर्षांचं उत्तर तीन वाक्यांत : "घरची जबाबदारी होती, मुलीला बघत होते. सुटी-सुटी कामं केली. आता पूर्णवेळ करायचंय." यात खोटं काही नाही. आणि लगेच आपण विचारायचं, "पाळी किती ते किती?" चेंडू समोरच्याकडे गेला की तो पुढच्या मुद्द्याला लागतो. आरशासमोर नको, कुणाला तरी समोर बसवून वीस वेळा म्हणून घ्या. अनुभवाचा खोटा दाखला मात्र अजिबात नको, पडताळणीवाले फोन करतात.

आणखी एक. संस्थेकडून प्रशिक्षणाचा दाखला घेताना वरचं लेटरहेड बघा. त्यावर 'पीडित महिला पुनर्वसन' छापलेलं असेल तर तो दाखला मुलाखतीत दाखवून उपयोग काय? कोर्सचं नाव आणि तास एवढंच असलेला साधा दाखला मागा. अर्जात ओळखीचे दोघे विचारले तर मुलीच्या वर्गशिक्षिका आणि घरमालक पुरतात.

---

निळी_ओढणी :

फार उपयोगी. दोन प्रश्न राहिले. एका कंपनीनं पोलीस पडताळणी आणि 'सगळ्या रक्तचाचण्या' मागितल्यात. ताईंना दहा वर्षांपूर्वीच्या एका छाप्याची भीती वाटते. आणि ते आवाज चढवण्याचं?

---

शिवाजीनगर_कोर्ट :

छाप्यात सोडवलेली बाई कागदावर पीडित असते, आरोपी नाही. पिटा कायद्याच्या (देहव्यापार रोखणारा कायदा) कलम ७ (सार्वजनिक जागेजवळ धंदा करणं) किंवा कलम ८ (सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणं) खाली नाव आलं असेल तर प्रश्न. ई-कोर्ट्सवर (कोर्टातले खटले दाखवणारी सरकारी वेबसाइट) पुणे जिल्हा निवडून नाव आणि वर्ष टाकून बघा, त्या वेळचं नाव टाका, आत्ताचं नको. काही निघालं तर शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना उत्पन्नाची अट न लावता वकील फुकट मिळतो, फोन १५१००. हे आधी, पडताळणीचा अर्ज नंतर.

रक्ताचं : एचआयव्ही कायदा २०१७ चा, सप्टेंबर २०१८ पासून लागू. नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही आणि संमतीशिवाय चाचणीही नाही. एचआरशी वाद घालत बसू नका. यादी लेखी मागा, बहुतेक वेळा तेवढ्यावरच ती चाचणी यादीतून गळते. कुणी एआरटीवर (एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्यांवर) असेल तर नोकरी लागण्याआधीच ससून किंवा वायसीएम हॉस्पिटलच्या केंद्रात एकदम जास्त महिन्यांच्या गोळ्या मिळतील का ते विचारा, म्हणजे पहिल्याच महिन्यात सुटी मागायला नको.

जुनं गिऱ्हाईक कामावर भेटलं तर : "तुमचा काहीतरी गैरसमज होतोय" आणि हातातलं काम चालू. पळून गेलं की त्याची खात्री पटते. पैसे किंवा आणखी काही मागू लागला तर ती खंडणी आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८. मेसेज पुसू नका. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, तक्रार तीन महिन्यांत.

---

पहाटेची_बस :

आवाजाचं आणि झोपेचं एकत्र बघा. हाउसकीपिंगची पाळी सातला असेल तर उठायचं साडेपाचला. वर्षानुवर्षं दहाला उठणाऱ्या शरीराला हे एका रात्रीत जमत नाही, आणि झोप न झालेल्या माणसाला प्रत्येक आवाज अंगावर येतो. दर तीन दिवसांनी अर्धा तास आधी उठा. साडेचार तासांचं अंतर कापायला २७ दिवस लागतात. नोकरी शोधतानाच हे सुरू करायचं, लागल्यावर नाही. उठल्या उठल्या बाहेर उजेडात पंधरा मिनिटं, दुपारी चारनंतर चहा बंद.

सुपरवायझर ओरडला की दोन्ही तळपाय जमिनीवर दाबायचे, श्वास लांब सोडायचा (घ्यायचा नाही, सोडायचा), आणि ठरलेलं एकच वाक्य : "काय करायचं ते सांगा, करते." ना माफी, ना खुलासा. हे वाक्य पाठ असलं की शब्द शोधावे लागत नाहीत. थरथर थांबतच नसेल, किंवा झोपेत दचकून उठणं चालू असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर मराठीत बोलता येतं, ससूनला मानसोपचाराची ओपीडी आहे. दारू किंवा मिशरी एकदम तोडायची असेल तरी आधी तिथंच विचारा. रोजची दारू अचानक बंद केली तर फिट येऊ शकते.

मान वर होण्यासाठी छोट्या कामांची चढण लावा. पहिल्या आठवड्यात दुकानदाराला सुटे परत मोजायला सांगणं. दुसऱ्यात बँकेत पैसे काढायची स्लिप स्वतः भरणं. तिसऱ्यात मुलीच्या पालकसभेत एक, फक्त एकच प्रश्न. स्लिपचं मुद्दाम सांगतोय : बऱ्याच जणींची सही दर वेळी वेगळी होते, काउंटरवरचा माणूस ती सगळ्यांसमोर परत करतो, आणि पुढचे चार महिने बँकेचं नाव नको होतं. एकच सही ठरवून वहीच्या दोन पानांवर रोज घोटा. खात्यावर अंगठा असेल तर शाखेत अर्ज देऊन सही नोंदवून घ्या. मोबाइल नंबर बदलायला जाणारच आहात, त्याच फेरीत दोन्ही होतं. जाताना दोन फोटो आणि मूळ आधार न्या, झेरॉक्सवर काम होत नाही.