नववीच्या विद्यार्थ्यांसाठी परदेशी भूगोल अभ्यासदौरा : ठिकाण आणि तयारीविषयी मार्गदर्शन हवे

प्रश्न – भूगोल शिक्षिका, खानापूर तालुका

सर्वांना नमस्कार. आमची शाळा खानापूर तालुक्यातील मराठी माध्यमाची असून कर्नाटक मंडळाचा अभ्यासक्रम शिकवते. परदेशी स्थायिक झालेल्या काही माजी विद्यार्थ्यांनी नववीच्या मुलामुलींसाठी भूगोलाचा एक अभ्यासदौरा देशाबाहेर न्यावा असे सुचवले असून खर्चाचा मोठा वाटाही उचलण्याची तयारी दाखवली आहे. संस्थेने तत्त्वतः होकार दिला आहे. एका प्रवासी कंपनीने सिंगापूर-मलेशियाचा आराखडा पाठवला आहे, पण त्यात चार दिवसांपैकी अडीच दिवस करमणूक उद्याने आणि खरेदी यांतच जातात. भूगोल म्हणून जे दाखवले आहे ते म्हणजे एका उंच इमारतीवरून शहराचे दर्शन.

माझे प्रश्न असे आहेत. पंचवीस-तीस मुलांना झेपेल आणि ज्यातून खरोखर काही शिकता येईल असे ठिकाण कोणते? ते वर्षाच्या कोणत्या काळात गाठावे? आणि आमच्यासारख्या ग्रामीण शाळेतील बहुतेक मुलांकडे पासपोर्टच नसताना तयारीला किती आधी लागावे? ज्यांनी असे दौरे नेले आहेत किंवा ज्यांना या विषयाची माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर – निवृत्त भूगोल शिक्षक, बेळगाव

ताई, ठिकाणाचा प्रश्न आपण शेवटी घेऊ. आधी मुलांनी कोणता प्रश्न सोबत घेऊन जायचे ते ठरवावे, कारण प्रश्न नसला की हॉर्टन प्लेन्ससारखे पठार काय आणि करमणूक उद्यान काय, मुले दोन्हीकडे सारखेच फोटो काढतात. तुमच्या तालुक्याला तर हा प्रश्न बाहेरून आणावाही लागत नाही. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन कृष्णेला मिळते. त्याच तालुक्यात देगावजवळ उगम पावणारी म्हादई पश्चिमेकडे उतरून गोव्यात समुद्राला मिळते. दोन नद्यांच्या मधला जलविभाजक तुमच्या मुलांच्या पायाखाली आहे आणि म्हादईचे पाणी मलप्रभेकडे वळवण्याच्या कळसा-भांडुरी योजनेचा वाद त्यांनी घरी, एसटी स्टँडवर, सगळीकडे ऐकलेला आहे. एका खोऱ्यातील पाणी दुसऱ्या, कोरड्या भागाकडे वळवले तर दोन्हीकडे काय घडते, हा प्रश्न घेऊन निघा आणि मग माझ्या मते ठिकाण आपोआप ठरते : श्रीलंका.

कारण सांगतो. श्रीलंकेच्या मध्यभागी डोंगराळ प्रदेश आहे आणि त्याच्या माथ्यावरील हॉर्टन प्लेन्स या सुमारे २१०० मीटरहून उंच पठाराच्या परिसरातून केलानी पश्चिमेकडे कोलंबोच्या दिशेने, तर महावेलीच्या उपनद्या कँडीमार्गे पूर्व किनाऱ्याकडे जातात. महावेली ही त्या देशातील सर्वांत लांब नदी असून तिची लांबी ३३५ किलोमीटर आहे. कँडीजवळ पोलगोल्ला येथे १९७६ मध्ये बांध घालून तिचे पाणी बोगद्यातून उत्तरेच्या कोरड्या भागाकडे वळवण्यात आले. वाटेत वीज निर्माण करून ते पुढे अंबन नदीत सोडले जाते आणि तेथून शेतीला मिळते. म्हणजे आपल्याकडे जे अनेक वर्षे कागदावर आणि न्यायाधिकरणापुढे आहे, ते तिकडे प्रत्यक्ष होऊन अर्धशतक लोटले आहे. पाणी कोणाला मिळाले, खालच्या अंगाला नदीचे काय झाले, विस्थापित कोठे गेले, हे तेथे विचारता येते. पुढे १९८० च्या दशकात झालेल्या व्हिक्टोरिया धरणाच्या पाण्याखाली टेल्देनिया हे जुने गाव गेले, आणि हिडकल धरणाच्या जलाशयात गेलेल्या गावांच्या गोष्टी आजोबांकडून ऐकलेल्या मुलांना ते समजावून सांगावे लागणार नाही.

काळाविषयी माझा ठाम सल्ला संक्रांतीनंतरचा, म्हणजे जानेवारीच्या उत्तरार्धाचा आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे मे ते सप्टेंबर या काळात लंकेच्या नैर्ऋत्य भागाला भिजवतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत ईशान्य मोसमी वारे बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेऊन येतात आणि पूर्व व उत्तर भागावर पाऊस पाडतात. आपल्याकडे जानेवारीत आभाळ स्वच्छ असते आणि सौंदत्ती-अथणीकडे रब्बीचा जोंधळा उभा असतो, तेव्हा तिकडे पूर्व उतारावर पाऊस असतो आणि कोरड्या समजल्या जाणाऱ्या भागात 'महा' या मुख्य हंगामाचे भात शेतात असते. ज्या डोंगररांगेची एक बाजू पावसाची आणि दुसरी पर्जन्यछायेची, असे मुलांनी पाठ केलेले असते, तिच्या बाजू ऋतूप्रमाणे अदलाबदल करतात हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पुस्तकातील आकृती कायमची उलगडते. दसऱ्याच्या सुटीचा मोह मात्र टाळावा. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा तेथे वादळी पावसाचा काळ आहे. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर आलेल्या दित्वाह चक्रीवादळाने डोंगराळ भागात मोठी भूस्खलने झाली आणि रेल्वेमार्गाचेही नुकसान झाले. त्यामुळे डोंगरातील रेल्वेप्रवास कार्यक्रमात घालण्यापूर्वी कोणता टप्पा सुरू आहे याची खात्री करावी आणि मुक्काम उताराच्या पायथ्याशी असलेल्या ठिकाणी घेऊ नये.

आता कामाची गोष्ट. जी मोजणी तिकडे करायची तीच आधी इकडे करावी. पावसाळ्यात एक दिवस आणि हिवाळ्यात एक दिवस बस घेऊन कणकुंबी, जांबोटी, खानापूर, बेळगाव, सौंदत्ती अशा ओळीने जावे आणि प्रत्येक थांब्यावर उंची, कोरड्या व ओल्या फुग्याच्या तापमापकांची नोंद (हवेतील आर्द्रतेसाठी), मातीचा रंग आणि शेतातील पीक लिहून घ्यावे. भात संपून ऊस कोठे सुरू होतो आणि ऊस संपून जोंधळा-कापूस कोठे, ही रेघ मुलांनी स्वतः नकाशावर काढलेली असावी. मग लंकेत कोलंबो, कँडी, नुवारा एलिया आणि तेथून उतरून दंबुल्ला-पोळोन्नरुवा असा छेद घ्यावा. कोलंबोचे सरासरी तापमान सुमारे २७ अंश. नुवारा एलिया सुमारे १८७० मीटर उंचीवर. दर हजार मीटरला साडेसहा अंश घट धरून तेथील तापमान मुलांनी बसमध्ये बसल्या बसल्या काढावे आणि उतरल्यावर स्वतःच्या मोजणीशी ताडून पाहावे. उत्तर जुळले नाही तर फारच उत्तम, कारण ढग, वारा आणि वेळ यांची चर्चा तेथूनच सुरू होते.

पोळोन्नरुवाला मंदिरांपेक्षा तलावावर अधिक वेळ द्यावा असे मी सुचवीन. पहिल्या पराक्रमबाहूने बाराव्या शतकात उभा केलेला पराक्रम समुद्र आजही सिंचनाला उपयोगी पडतो. त्या प्रदेशात लहान तलावांच्या साखळ्या असतात. वरच्या तलावातून शेताला दिलेले पाणी झिरपून व निचरा होऊन खालच्या तलावात जमा होते आणि पुन्हा वापरले जाते. आपल्या पूर्वेकडील तालुक्यांतील गावतळी गाळाने भरत असताना ही व्यवस्था टिकली कशी, गाळ कोण काढते आणि पाण्याची पाळी कोण ठरवते, हे मुलांनी शेतकऱ्यांना विचारावे. दुभाष्याची सोय आधीच करावी. उत्साही वाटाड्या उत्तरे स्वतःच देऊ लागतो, ते होऊ देऊ नये.

सिंगापूर अगदीच टाकाऊ आहे असे मात्र मी म्हणणार नाही. समुद्रात भर घालून ज्या देशाने आपले क्षेत्रफळ सुमारे ५८० चौरस किलोमीटरवरून ७३० च्या वर नेले आणि जो सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरतो, तो भूगोलाचाच विषय आहे. दोष ठिकाणाचा नसून तुम्हाला आलेल्या आराखड्याचा आहे.

उत्तर – पालक व कागदपत्रांचे काम करणारा, निपाणी

गुरुजींनी अभ्यासाचे सांगितले. मी फक्त कागदांविषयी लिहितो, कारण आपल्या भागात दौरे बहुधा तेथेच अडतात. जानेवारीत जायचे असेल तर कामाला आदल्या वर्षीच्या जूनमध्ये लागावे. पहिले काम पासपोर्टचा अर्ज भरण्याचे नव्हे, तर प्रत्येक मुलाचे नाव तीन कागदांवर शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचे : जन्मदाखला, आधार आणि शाळेचे रजिस्टर. जन्मदाखला कन्नडमध्ये, शाळेची नोंद मराठीत आणि आधारचे इंग्रजी स्पेलिंग केंद्रावरच्या मुलाने ऐकून लिहिलेले, असे असले की एकाच मुलीची तीन नावे होतात. शिवाय कोठे आडनाव असते, कोठे वडिलांच्या नावाचे नुसते आद्याक्षर. दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी शाळेच्या नोंदीतील दुरुस्ती करून घेणे तुलनेने सोपे असते, त्यामुळे दौरा झाला किंवा न झाला तरी हे काम वाया जात नाही.

अल्पवयीन मुलांचा पासपोर्ट पाच वर्षे किंवा वयाची अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत चालतो. पंधरा पूर्ण झालेल्यांना दहा वर्षांचाही मागता येतो. अर्जासोबत 'डी' परिशिष्टावर आईवडील दोघांची संमती लागते. खानापूर भागातील अनेक वडील कामानिमित्त गोव्याला असतात. त्यांनी सही करून दिली तर केंद्रावर मुलाबरोबर एकट्या आईने जाणे पुरते. मुलाला मात्र प्रत्यक्ष न्यावे लागते, म्हणून हुबळीच्या केंद्राची वेळ घेताना परीक्षेच्या तारखा पाहाव्यात. प्रवासाच्या दिवशी पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली असावी. लंकेसाठी ईटीए, म्हणजे प्रवासाआधीची ऑनलाइन परवानगी, काढावी लागते. तिचे शुल्क व नियम वारंवार बदलतात, त्यामुळे ते त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहावेत, दलालाच्या संदेशावर विसंबू नये. आईवडिलांशिवाय प्रवास असल्याने प्रत्येक मुलामागे नोटरी केलेले इंग्रजी संमतिपत्र शिक्षकांजवळ ठेवावे आणि गटशिक्षणाधिकारी (बीईओ) कार्यालयामार्फत खात्याची लेखी परवानगी तिकिटे काढण्याआधी घ्यावी.

पैशांबाबत एकच सूचना. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच आगाऊ घेतला जाणारा आयकर, आकारला जातो. तो पैसे भरणाऱ्याच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरल्यावर समायोजित होतो, म्हणून पावती कोणाच्या नावे फाडायची हे संस्थेच्या लेखापालाला विचारूनच ठरवावे.

उत्तर – माध्यमिक शिक्षक, चिकोडी

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, तरी मी नेपाळचा विचार करावा असे सुचवतो. भारतीय नागरिकांना तेथे व्हिसा लागत नाही, आणि पंधरा ते अठरा वयोगटातील विद्यार्थ्यांना मुख्याध्यापकांनी विहित नमुन्यात दिलेल्या ओळखपत्रावर जाता येते. त्याहून लहान मुलांना वय व ओळख पटवणारा छायाचित्राचा पुरावा पुरतो. पासपोर्टचा एवढा खटाटोप वाचल्यास गरीब घरातील मुले गळणार नाहीत. काठमांडूचे खोरे हा प्राचीन सरोवराचा तळ आहे, २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ महत्तेच्या भूकंपाच्या खुणा शहरात दिसतात, आणि आपल्या देवघरातील शाळिग्राम म्हणजे काली गंडकीच्या पात्रात सापडणारे, एके काळच्या समुद्रातील जीवाचे अश्म आहेत, हे ऐकल्यावर मुले देवघराकडे वेगळ्या नजरेने पाहतील.

ठिकाण कोणतेही ठरो, निवड गुणांवर किंवा ऐपतीवर करू नये. ज्या मुलांनी इकडच्या मोजणीत भाग घेतला त्यांतूनच निवड व्हावी आणि देणगीदारांचा पैसा सर्वांच्या शुल्कात समान वाटण्याऐवजी ज्यांना भरणे शक्य नाही त्यांचे पूर्ण शुल्क भरण्यास वापरावा. दोन शिक्षिका अनिवार्य समजाव्यात. आणखी एक बारीक गोष्ट : लंकेत नारळाच्या सांबोल या चटणीत सुक्या मासळीचा चुरा घालण्याची पद्धत आहे, त्यामुळे माळकरी घरातील मुले असतील तर उपाहारगृहाला आधीच लेखी कळवावे.

पुन्हा प्रश्न – भूगोल शिक्षिका, खानापूर तालुका

सर्वांचे मनापासून आभार. नेपाळचा पर्याय खर्चाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे, परंतु जलविभाजकाचा प्रश्न आमच्या मुलांच्या इतका जवळचा आहे की मी संस्थेपुढे श्रीलंकेचाच प्रस्ताव ठेवणार आहे. पासपोर्टसाठी नावांची पडताळणी याच आठवड्यात सुरू करते. गुरुजी, शाळेत पाऱ्याचे ओल्या-कोरड्या फुग्याचे जुने उपकरण आहे. ते नेले तर चालेल का? आणि मातीचे नमुने परत आणता येतील का?

उत्तर – निवृत्त भूगोल शिक्षक, बेळगाव

पाऱ्याचे उपकरण विमानात नेऊ नका. पारा विमानाच्या ॲल्युमिनियमला घातक असल्याने ते विमानतळावर काढून घेतात. अल्कोहोल भरलेले दोन तापमापक घ्या, एकाच्या फुग्याला मलमलीची ओली पट्टी गुंडाळा, आणि निघण्यापूर्वी आठवडाभर शाळेच्या व्हरांड्यात ते जुन्या उपकरणाशेजारी टांगून दोहोंतील फरक लिहून ठेवा. माती, बिया, प्रवाळ यांपैकी काहीही आणू नये. वनस्पती संगरोधाचे, म्हणजे बाहेरची रोगकीड देशात येऊ नये यासाठीचे, नियम कडक आहेत. त्याऐवजी जांबोटीची तांबडी माती आणि लंकेतील तांबडी माती यांचे एकाच रंगपट्टीशेजारी, सावलीत, फोटो घ्यावेत. पोलगोल्लाच्या बांधावर छायाचित्रणाची परवानगी मिळतेच असे नाही, म्हणून तेथे वहीत रेखाटन करण्याची सवय मुलांना आधी हिडकलच्या धरणावर लावावी.