बाहेरचे टोमणे सोसतो, पण मंडळीतल्या (चर्चमधल्या) खोट्या माणसांचं काय करायचं?

भायखळा_स्लो:
जय ख्रिस्त सगळ्यांना. पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. आमची ख्रिस्ती म्हणून चौथी पिढी, पणजोबा नगरकडून गिरणीत कामाला आलेले. ऑफिसात हल्ली डबा खाताना कुणीतरी हमखास विचारतं, काय रे धर्म बदलायला किती गोणी तांदूळ मिळाले होते तुमच्या पणजोबांना. घरी प्रार्थनेला दहा माणसं जमली तरी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडतो. हे सोसतो, प्रभूने आधीच सांगून ठेवलंय. सोसत नाही ते आतलं. कमिटीतले एकजण रविवारी डोळ्यात पाणी आणून साक्ष देतात आणि गरिबांच्या फंडाचा हिशोब मागितला की म्हणतात तू विश्वासात कच्चा आहेस. दोन महिने झाले उपासनेला गेलो नाही, यूट्यूबवर ऐकतो. चुकतंय का माझं?

कडू_कारलं:
चुकत नाही. सोड ती मंडळी. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 ला इथेच मुंबईत बाप्तिस्मा घेतला, घरदार तुटलं, बायको लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, आणि तरी 1917 ला त्यांनी मिशनची नोकरी सोडलीच ना.

दादरची_मावशी:
@कडू_कारलं अरे अर्धंच सांगतोस. सोडून घरात नाही बसले ते, 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. यूट्यूबसमोर चहा पीत बसणं आणि ते एकच का?

जुना_पंच:
बाळा, बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये 20 काढ. प्रेषित पौल मिलेतात इफिसच्या मंडळीच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, बोलवून सांगतो की बाहेरून लांडगे येतील, आणि लगेच पुढे, तुमच्यातूनही माणसं उठतील. म्हणजे तुझे दोन्ही त्रास एकाच श्वासात. आता प्रकटीकरण 2 वाच. त्याच इफिसने इशारा एवढा मनावर घेतला की खोटे प्रेषित पारखून उघडे पाडले, प्रभू शाबासकी देतो आणि वर म्हणतो पहिली प्रीती सोडलीस. पर्गमाच्या मंडळीचं नेमकं उलटं, तिथे अंतिपा नावाचा विश्वासू साक्षीदार मारला गेला तरी लोकांनी नाव सोडलं नाही, पण बलामाची, म्हणजे लोकांना मूर्तीच्या नैवेद्याकडे आणि जारकर्माकडे ओढणारी, शिकवण धरणारे आत खुशाल नांदत होते. मी पंधरा वर्षं मंडळीच्या कमिटीत पंच होतो, खोटी माणसं शोधता शोधता मीच इतका कडू झालो होतो की बायको म्हणायची तुम्ही चर्चला जाता की पोलीस ठाण्यात. तुझा हिशोबाचा मुद्दा मात्र सोडू नकोस.

भायखळा_स्लो:
पण गव्हातल्या निदणाच्या (तणाच्या) दाखल्यात तर म्हटलंय ना कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या? आमचे पाळकसाहेब तेच सांगतात.

जुना_पंच:
सोयीचं वाचन आहे ते. मत्तय 13:38 मध्ये प्रभू स्वतः सांगतो की शेत म्हणजे जग. मंडळीतल्या भावाने अपराध केला तर काय करायचं ते मत्तय 18 मध्ये आहे, आधी एकट्याने जाऊन सांग, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. आणि वडिलावरचा आरोप दोघातिघा साक्षीदारांशिवाय ऐकू नये, 1 तीमथ्य 5. तू एकट्याने गेलास का त्यांच्याकडे? की एजीएममध्येच सगळ्यांसमोर विचारलंस?

भायखळा_स्लो:
एजीएममध्ये 🙈

दादरची_मावशी:
झालं! अरे चारचौघांत विचारल्यावर कोण सरळ बोलेल. पण कागद माग हो, नुसतं रडून पोट भरू देऊ नकोस त्यांना. मंडळी रजिस्टर्ड ट्रस्टखाली असेल तर दरवर्षी ऑडिट होऊन हिशोब धर्मादाय आयुक्तांकडे जायला हवा, वरळीला ऑफिस आहे. ते शेवटी, भावाला कोर्टात खेचू नये असं पौल म्हणतो ते माहितीय तुला. आधी नुसती कॉपी माग.

कडू_कारलं:
आणि नाही दिली तर?

दादरची_मावशी:
तर दोघांना घेऊन परत जायचं. आमच्याकडे तीन वेळा जावं लागलं. तिसऱ्यांदा कळलं की चोरी नव्हती, वही पावसात भिजली म्हणून सांगायची लाज वाटत होती. दरवेळी असंच निघतं असं नाही म्हणत मी.

भायखळा_स्लो:
बरं. मंगळवारची कॉटेज मीटिंग (घरगुती प्रार्थना) आमच्याच घरी आहे आणि ते कमिटीवाले दरवेळी येतात. आईने आत्ताच विचारलं भजी किती जणांची तळू, त्यांना धरून बारा सांगितलेत. मीटिंगनंतर जिन्यापर्यंत सोडायला जाईन, तेव्हा बोलतो.