फासावरून जिवंत उतरलेल्याला पुन्हा चढवावं का?

माळकरी: ॲन ग्रीनची हकीकत वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. ऑक्सफर्ड, १४ डिसेंबर १६५०. बाविशीची मोलकरीण, आरोप पोटचं मूल मारल्याचा. अर्धा तास लटकली. लवकर सुटावी म्हणून तिचीच माणसं पायांना लोंबकळली, एका शिपायानं बंदुकीच्या दस्त्यानं छातीवर तडाखे दिले. शवपेटी शवविच्छेदनाला गेली, उघडली तर घशात घरघर! विल्यम पेटी आणि थॉमस विलिस या डॉक्टरांनी चिरफाड सोडून गरम औषध पाजलं, शेजारी बाई झोपवून ऊब दिली. ॲन वाचली, माफी मिळाली, पुढे लेकुरवाळी झाली. माझं मत: फाशी देऊन झाली, शिक्षा संपली. जीव गेला नाही, हा सरकारचा दोष.

वकिलीणबाई: साफ असहमत. शिक्षा दोराची नसते, मृत्यूची असते. आपल्याकडेही 'मरेपर्यंत' शब्द उगाच नाही घालत. जल्लाद आळशी निघाला म्हणून कैदी सुटणार? १७४० साली लंडनच्या टायबर्नला बलात्काराबद्दल फाशी दिलेला विल्यम ड्युएल शल्यविशारदांच्या टेबलावर जागा झाला. त्याला मोकळं सोडलं नाही, जन्मभर हद्दपार केलं.

माळकरी: पण परत चढवलं नाही ना! एडिंबराची मॅगी डिक्सन, १७२४, तिलाही नाही. गावाकडे नेताना वाटेत पेटीतच जागी झाली. पुढे कित्येक वर्षं 'अर्धी फाशी गेलेली मॅगी' म्हणून जगली.

उंबरठा: तुम्ही दोघं दोर मोजत बसा. १६२४ च्या इंग्रजी कायद्यानं अविवाहित बाईनं बाळाचा मृत्यू लपवला की ती खुनी. मूल मेलेलंच जन्मलं, हे साक्षीदार आणून तिनंच सिद्ध करायचं! ॲनच्या बाळाची पुरती वाढच झाली नव्हती, असं सुईण सांगत होती. सोडलं ते 'देवाची इच्छा' म्हणून. निकाल चुकला असं कोण म्हणालं? कायदा १८०३ पर्यंत तसाच.

वकिलीणबाई: हे मान्य. पण मूळ प्रश्न तसाच राहतो. माळकरी, १८८५, एक्सेटर, जॉन ली. पायाखालची फळी तीनदा उघडलीच नाही. तो लटकलाच नाही, म्हणजे तुमच्या हिशोबानं शिक्षा झालीच नाही. चढवायचा ना चौथ्यांदा?

माळकरी: गृहमंत्र्यांनीच जन्मठेप केली. १९०७ मध्ये सुटला.

वकिलीणबाई: ते मला ठाऊक आहे. तुमचं उत्तर विचारलं.

माळकरी: ...नाही चढवणार. का, ते धड सांगता येत नाहीये.