जी४१ बोर्डवर ४ जीबीची रॅम चालत नाही, कोणती घ्यावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बाबांचं तासगावात डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं अशी कामं असतात. दुकानातला डेस्कटॉप जुना झालाय, पण तो बदलता येत नाही. मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं लॉक (डोंगल, ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) मागच्या पॅरलल पोर्टला लागतं आणि त्याचा ड्रायव्हर फक्त ३२ बिट विंडोज ७ वर चालतो. बाबांच्या सगळ्या जुन्या फायली त्याच फॉन्टमध्ये आहेत. त्यामुळे "नवीन पीसी घ्या" हा सल्ला कृपया देऊ नका.

मशीन असं आहे: इंटेल कोअर टू ड्युओ ई७५००, जी४१ चिपसेटचा (रॅम आणि प्रोसेसर जोडणारी मुख्य चिप) बोर्ड, डीडीआर३ रॅमचे दोन स्लॉट. एका स्लॉटमध्ये २ जीबीची स्टिक आहे, दुसरा रिकामा. सीपीयू-झेडमध्ये (हार्डवेअरची माहिती दाखवणारा प्रोग्राम) डीरॅम फ्रिक्वेन्सी ५३३ दिसते, म्हणजे दुप्पट धरून रॅम १०६६ वर चालतेय. कोरलमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) दोन-तीन मोठे फोटो असलेली पत्रिका उघडली की हार्ड डिस्कचा दिवा सतत पेटलेला राहतो आणि माउससुद्धा अडखळतो. हंगामात गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं, बाबा नुसते स्क्रीनकडे बघत असतात. ते बघवत नाही.

म्हणून ऑनलाइन एक ४ जीबीची डीडीआर३ स्टिक मागवली. डेस्कटॉपचीच आहे, २४० पिनची, १३३३ ची. खाच बरोबर बसते. पण ती लावली की पंखा फिरतो, स्क्रीन काळी. एकटी लावली, दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली, खोडरबरने पट्टी पुसली, बायोस रीसेट केलं, काही फरक नाही. जुनी स्टिक परत लावली की मशीन व्यवस्थित सुरू होतं.

गोंधळ असा की हीच नवीन स्टिक शेजारच्या सायबर कॅफेतल्या एएमडीच्या मशीनवर पहिल्या झटक्यात चालली, पूर्ण ४ जीबी दिसली. विक्रेता म्हणतो माल चांगला आहे. बोर्डच्या पुस्तिकेत तर कमाल ८ जीबी, म्हणजे ४+४ चालेल असं छापलंय.

स्टिकवर दोन्ही बाजूंना आठ-आठ अशा १६ चिप आहेत. स्टिकरवर फक्त "४ जीबी पीसी३-१०६००" (म्हणजे १३३३ चीच) लिहिलंय. मग दोष कुणाचा, बोर्डचा की स्टिकचा? आणि आता नेमकं काय बघून घ्यावं?

प्रतिसाद १

दोष दोघांचाही नाही, जोडी चुकीची आहे. बाजारात "फक्त एएमडीसाठी" अशा डीडीआर३ स्टिक स्वस्तात विकल्या जातात. तशी सूचना काही जण देतात, बरेच देत नाहीत. तुमची स्टिक त्यातलीच वाटते.

कारण असं. रॅम आणि चिपसेट यांच्यात एका वेळी ६४ बिट जातात. नेहमीच्या स्टिकमधली प्रत्येक चिप ८ बिट देते, म्हणजे आठ चिपचा एक संच होतो. या संचाला रँक म्हणतात. १६ चिप असतील तर दोन रँक. स्वस्त स्टिकमधली चिप चारच बिट देते, त्यामुळे सोळाच्या सोळा मिळून एकच रँक बनतो. एएमडीच्या मशीनला अशी चिप हाताळता येते, जी४१ ला येत नाही. तो फक्त ८ आणि १६ बिटवाल्या चिप ओळखतो.

खात्री करायची तर स्टिक पुन्हा त्या एएमडीवर लावा आणि सीपीयू-झेडच्या एसपीडी टॅबमध्ये (तिथे स्टिकची माहिती दिसते) रँक बघा. १६ चिप असून "सिंगल" दिसलं तर विषय संपला, स्टिक परत करा.

जी४१ ची दुसरी अडचण म्हणजे तो एका चिपमध्ये २ गिगाबिटपर्यंतच वाचतो (८ गिगाबिट म्हणजे १ जीबी). त्यामुळे आठच चिप असलेली नव्या धाटणीची ४ जीबीची स्टिकही चालणार नाही, कारण तिच्यातली चिप ४ गिगाबिटची असते. या बोर्डला ४ जीबीची हवी असेल तर १६ चिप आणि स्टिकरवर "टू आर बाय एट" (दोन रँक, ८ बिटच्या चिप) असंच हवं.

पण तुम्हाला ४ ची गरजच नाही! ३२ बिट विंडोज ७ एकूण ४ जीबीच्या पुढे जात नाही आणि त्यातलाही काही भाग ग्राफिक्स आणि इतर हार्डवेअरसाठी जातो. हातात तीन-सव्वातीन जीबी उरते. जुन्या २ च्या जोडीला आणखी एक २ जीबीची घ्या. दोन्ही स्लॉट सारखे भरले की ड्युअल चॅनेलही मिळेल, म्हणजे दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरल्या जातील. वेग १३३३ असो वा १६००, तुमच्या मशीनवर ती १०६६ वरच चालेल, म्हणून वेगासाठी जास्त पैसे मोजू नका. फक्त चारच चिप असलेली २ जीबी टाळा, तिच्यातही ४ गिगाबिटच्याच चिप असतात.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. पुण्याला येणं होत असेल तर तपकीर गल्लीत जुनी काढलेली रॅम मिळते. दुकानदारासमोर लावून बघायला सीपीयू घेऊनच या. घरी आल्यावर मेमटेस्टचा (रॅम तपासणारा प्रोग्राम) एक पूर्ण पास होऊ द्या, कामाच्या फायली त्यानंतरच उघडा. आणि मी तर म्हणेन, रॅमनंतर हार्ड डिस्कच्या जागी साटा एसएसडी (चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) टाका. जी४१ वर तिचा पूर्ण वेग मिळत नाही, तरी हार्ड डिस्कपेक्षा खूपच बरं.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आत्ताच कॅफेत बघून आलो: १६ चिप आणि रँक सिंगल. स्टिक परत पाठवतोय, विक्रेत्याला कारणही लिहून कळवलंय.

सांगलीत एकाकडे वापरलेली २ जीबी आहे. पीसी३-१२८०० (म्हणजे १६०० ची), एकाच बाजूला आठ चिप, स्टिकरवर "वन आर बाय एट". आमची जुनी दोन रँकची आहे. जोडी जमेल ना?

प्रतिसाद १

जमेल. आठ चिपमध्ये २ जीबी म्हणजे २ गिगाबिटची चिप, जी४१ ला चालते. दोन स्लॉटमधल्या रँक वेगळ्या असल्या तरी हरकत नाही. घ्या बिनधास्त, पण मेमटेस्ट चुकवू नका.